‘टाइम आउट’, दोन तारे आणि पियानोवरचा लेहरा

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकी जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या ‘टाइम आउट’ या अल्बमला जॅझच्या ‘डाउनबीट’ मासिकाने पाचपैकी दोनच तारे दिले, आणि तोच पुढे जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या अल्बमांपैकी एक झाला. मग समीक्षक चुकले की लोक? आणि ज्याचा कान आधी पेटी-तबल्यावर तयार झालाय आणि आता जो पियानो शिकतोय, त्याने हा अल्बम कसा ऐकावा?

उत्तर आधीच सांगून टाकतो. समीक्षकांच्या तक्रारींपैकी निम्म्या मला आजही मान्य आहेत. पण त्यांनी ब्रुबेकला मोजलं ते सोलोच्या मापाने, आणि या अल्बमवरचं त्याचं सगळ्यात मोठं काम सोलोत नाहीच. यातलं ‘टेक फाइव्ह’ पुन्हा एकदा लावा आणि फक्त पियानो ऐका. जगभर ज्याच्या नावावर ओळखली जाते त्या रचनेत हा माणूस सोलो घेतच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेका धरून बसतो. पेटी-तबल्याचा कान असलेल्या माणसाला हे काम कोणतं ते लगेच ओळखता यायला हवं. त्यावर पुढे येतोच.

आधी १९५९ सालचं चित्र डोळ्यांपुढे आणा, कारण ते दोन तारे हवेतून पडलेले नाहीत. रेकॉर्डिंग झालं न्यूयॉर्कला, कोलंबिया कंपनीच्या ३० व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत. ही इमारत मुळात चर्चची, छत खूप उंच. २५ जून, १ जुलै आणि १८ ऑगस्ट अशा तीन दिवशी मिळून सात रचना झाल्या, एकूण वेळ अडतीस मिनिटांच्या आसपास. पियानोवर ब्रुबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बासवर यूजीन राइट, ड्रम्सवर जो मोरेलो. याच स्टुडिओत त्याच वर्षी मार्च-एप्रिलमध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ केला होता, आणि मे महिन्यात बासवादक चार्ल्स मिंगसने ‘मिंगस आह अम’. मिंगसच्या अल्बमचा निर्माता टिओ मासेरो, ‘टाइम आउट’चाही तोच, दोन्ही मुखपृष्ठांवरची चित्रंसुद्धा एकाच माणसाची, एस. नील फुजिताची. वर्षाच्या शेवटी सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात येऊन दाखल झाला आणि जॅझ जाणणाऱ्यांत त्याच्यावरून उभे दोन तट पडले. डिसेंबरमध्ये ‘टाइम आउट’ बाजारात आला तेव्हा समीक्षकांच्या कानात हे सगळं ताजं होतं.

शिवाय ब्रुबेकबद्दलचा राग जुना होता. नोव्हेंबर १९५४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर छापलं. हा मान मिळालेला जॅझमधला तो फक्त दुसरा; पहिला लुई आर्मस्ट्राँग, १९४९ मध्ये. ब्रुबेक तेव्हा जॅझमधला थोर संगीतकार ड्यूक एलिंग्टन याच्याबरोबर दौऱ्यावर होता. सकाळी हॉटेलच्या खोलीचं दार वाजलं, बाहेर स्वतः एलिंग्टन, हातात तो अंक. ब्रुबेकला अतिशय ओशाळं वाटलं. हा मान आपल्याआधी एलिंग्टनला मिळायला हवा होता हे त्याला कळत होतं, आणि पुढे आयुष्यभर तो हेच सांगत राहिला. समीक्षकांनाही ते कळत होतं. गोरा माणूस, कॉलेजांमधून भरगच्च कार्यक्रम करणारा, फ्रेंच संगीतकार दारिउस मियोकडे रचना शिकलेला, सोलोत मधूनच बाखसारखं काही वाजवणारा. काळ्या संगीतकारांनी घडवलेल्या कलेचा पैसा आणि प्रसिद्धी भलतीकडेच चालली आहे, ही भावना तेव्हाच्या लिखाणात स्पष्ट दिसते, आणि ती बिनबुडाची नव्हती.

पण याच चौकटीत आणखी एक गोष्ट बसवावी लागते. बासवाला राइट काळा होता. १९६० च्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कॉलेजांत चौकडीचे पंचवीस कार्यक्रम ठरले होते. राइटच्या जागी गोरा वादक घ्या, अशी आयोजकांची मागणी आली. ब्रुबेक नाही म्हणाला आणि पंचविसांपैकी तेवीस कार्यक्रम रद्द झाले. ‘टाइम आउट’ तेव्हा नुकताच दुकानांत आलेला होता. ही गोष्ट सांगितली म्हणून अल्बम चांगला ठरत नाही, हे कबूल. पण ‘दिवाणखान्यातला सभ्य जॅझ’ अशी त्याची जी हेटाळणी झाली, ती करणाऱ्यांना त्या दिवाणखान्याबाहेर काय चाललंय याचा हिशेब धरावासा वाटला नाही.

आता मूळ कल्पना. तेव्हाचा जॅझ जवळजवळ सगळा चार मात्रांचा. तीन मात्रांचे तुरळक प्रयोग झालेले: फॅट्स वॉलरचा ‘जिटरबग वॉल्ट्झ’ १९४२ चा, आणि ड्रमर मॅक्स रोचने तर १९५७ मध्ये अख्खा अल्बम तीन मात्रांवर काढला होता. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने ब्रुबेकच्या चौकडीला पोलंड, तुर्कस्तान, इराण, इराक, पाकिस्तान, भारत, श्रीलंका असा लांबलचक दौरा घडवला. इस्तंबूलच्या रस्त्यावर काही वादक नऊ मात्रांचं काहीतरी वाजवत होते, दोन-दोन-दोन-तीन असं. ब्रुबेकच्या डोक्यात ते अडकलं आणि त्यातून ‘ब्लू राँडो आ ला टर्क’ निघालं. भारतात मुंबईत तो सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला, मद्रासला मृदंगवादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी या मंडळींची गाठ पडली. या दौऱ्यातून थेट निघालेला अल्बम वेगळा, १९५८ चा ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’. त्यात ‘कलकत्ता ब्लूज’ नावाची एक रचना आहे, तीही ऐका. पण विषम मात्रांत माणसं सहज रमू शकतात, त्यात कसरत काही नाही, हे या लोकांनी कानांनी अनुभवलं ते त्या दौऱ्यात.

कंपनीच्या विक्री खात्याने मात्र कपाळाला हात लावला. सगळ्या रचना नव्या, ओळखीचं एकही गाणं नाही, नाचता येत नाही, आणि वर मुखपृष्ठावर वादकांच्या फोटोऐवजी अमूर्त चित्र. त्या काळच्या धंद्याचे चारही नियम एका झटक्यात मोडलेले. कंपनीचा अध्यक्ष गॉडर्ड लीबरसन हा स्वतः रचनाकार होता, त्याने पाठिंबा दिला म्हणून गाडी पुढे सरकली. बदल्यात आधी एक ‘सुरक्षित’ अल्बम द्यावा लागला, दक्षिणेकडच्या ओळखीच्या गाण्यांचा, ‘गॉन विथ द विंड’. पुढच्याच वर्षी त्याच दक्षिणेने कार्यक्रम रद्द केले.

आणि मग एप्रिल १९६० मध्ये ‘डाउनबीट’चं परीक्षण आलं. लिहिणारा आयरा गिटलर. हा काही बाजारबुणगा नव्हता. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या धबधब्यासारख्या सुरावटींना ‘शीट्स ऑफ साउंड’ हा जो शब्दप्रयोग आजही जगभर वापरला जातो, तो गिटलरनेच १९५८ मध्ये केलेला. बीबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातला वेगवान नवा जॅझ, त्याने आतून पाहिलेला. त्याने दोन तारे दिले आणि ब्रुबेकला गंभीर जॅझवादक मानायलाच नकार दिला. गिटलरचे आणि त्याच्यासारख्या इतरांचे आक्षेप एकत्र घेतले तर तीन निघतात: हात जड आहे आणि स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, नाही; विषम मात्रा हा देखावा आहे; आणि यात नवीन ते काय.

तिसरा आक्षेप चटकन निकालात निघतो. मॅक्स रोच आधीच होऊन गेला होता, ब्रुबेक पहिला नव्हता, बरोबर. अल्बमच्या मागच्या बाजूला ब्रिटिश संगीतकार स्टीव्ह रेसची टिपण आहे, तिने या नवेपणाचा जरा जास्तच डांगोरा पिटला. मी समीक्षक असतो तर मलाही ती टोचली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि ‘ब्लू राँडो’पुरता तो मला पटतो. ही रचना हाताने टाळी देत ऐका. इंग्रजी आकडे मोजू नका, बोल म्हणा: तक तक तक तकिट, असं तीन वेळा, आणि चौथ्या वेळी तकिट तकिट तकिट. नऊच मात्रा, पण चौथ्या ओळीत विभागणी फिरते आणि सगळं एकदम सरळ झाल्यासारखं वाटतं. फार सुंदर बांधणी आहे. पण डेझमंडचा सोलो सुरू व्हायची वेळ आली की दोन ओळी नऊच्या, दोन बार (म्हणजे आवर्तनं) चारचे, पुन्हा दोन ओळी नऊच्या अशी अदलाबदल होते आणि मग नऊ मात्रा निघूनच जातात. सोलो चालतो तो साध्या बारा बारच्या ब्लूजवर, चार मात्रांत. म्हणजे बंदिश नऊची आणि विस्तार चारचा. आपल्याकडे कोणी नऊ मात्रांच्या मत्ततालात बंदिश मांडून ताना मात्र त्रितालात घेतल्या तर मैफलीतले जाणते एकमेकांकडे बघतील. गिटलरच्या जागी मी असतो तर याच मुद्द्यावर एक तारा कापला असता. बरं, तो ब्लूज स्वतःपुरता छान आहे, डेझमंड तर अप्रतिम. पण जे वचन पहिल्या मिनिटात दिलं ते सोलोत पाळलेलं नाही.

पहिला आक्षेप हाताचा. ब्रुबेकचा सोलो बहुतेक वेळा असा जातो: सुरुवात एकेरी सुरांनी, मग दोन्ही हातांत भरगच्च कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), मग तेच कॉर्ड अधिकाधिक जोराने, बीटच्या बरोब्बर डोक्यावर. बड पॉवेल किंवा विन्टन केली या पियानोवादकांची एकेरी ओळ बीटला किंचित मागे रेलून धावते, अर्ध्या मात्रेच्या सुरांची लांबी-तोकडी जोडी जिवंत राहते. ब्रुबेकचा हात तसा रेलत नाही. विद्यार्थ्यांना मी स्पष्ट सांगतो की स्विंग शिकायचं असेल तर ब्रुबेककडे जाऊ नका, केलीकडे जा. इथपर्यंत गिटलर आणि मी एका बाकावर.

पण आता ‘टेक फाइव्ह’.

ही रचना ब्रुबेकची नाही, डेझमंडची आहे. मोरेलो कार्यक्रमांत पाच मात्रांवर खेळायचा. त्याच्या ड्रम्सला वाव देणारं पाच मात्रांचं काहीतरी लिही, असं ब्रुबेकने डेझमंडला सांगितलं. डेझमंड दोन तुकडे घेऊन आला, ते एकामागे एक कसे बसवायचे हे ब्रुबेकने ठरवलं. म्हणजे ही रचना मुळात ड्रम-सोलोसाठीचं निमित्त होती. पियानोचं काम एवढंच: काळी दोनच्या मायनरमध्ये तीन मात्रा, मग काळी पाचवरचा मायनर सेव्हन्थ दोन मात्रा, आणि पुन्हा पहिल्यापासून. तीन अधिक दोन. मधला भाग येतो तेव्हा कॉर्ड बदलतात, पण सोलो सुरू झाला की तो मधला भागही गायब. फक्त ती दोन कॉर्डची फिरकी उरते. तिच्यावर आधी डेझमंड, मग मोरेलो.

हा लेहरा आहे. तबल्याचा एकल ऐकताना पेटीवाला किंवा सारंगिया एकच नगमा अखंड फिरवत ठेवतो, सम दाखवत राहतो, आणि म्हणून तबलियाला समेपासून हवं तितकं लांब जाता येतं. मोरेलोचा सोलो त्या कानाने ऐका. सुरुवातीला तो पाचाच्या आतच आहे. मग ठोके विरळ होतात, मोठमोठ्या जागा सुटतात, मग त्याचे गट बारची रेघ ओलांडून पलीकडे पडायला लागतात. एकट्या ड्रम्सवर कान ठेवला तर सम कुठे आहे ते सांगता येणार नाही. पण खाली ब्रुबेक आणि राइट तीन-दोन, तीन-दोन करत तसेच बसलेले. जराही जोर वाढवत नाहीत, मध्ये शोभेची एक जागा घेत नाहीत. लय पळत नाही. इथे विषम मात्रा देखावा उरत नाही, कारण सोलो त्याच मात्रांत, त्याच आवर्तनावर होतो. ‘ब्लू राँडो’त जे झालं नाही ते इथे झालं. आणि ते शक्य झालं पियानिस्टने आपली जागा सोडून लेहरेकरी व्हायचं ठरवलं म्हणून.

आता हाच ‘जड हात’ बघा. बीटच्या बरोब्बर डोक्यावर पडणारा, न रेलणारा, न डगमगणारा हात. सोलोत जो दोष, तो लेहऱ्यात गुण ठरतो. केली इथे बसला असता तर चौथ्या आवर्तनाला त्याला काहीतरी सुचलं असतं, आणि सुचलेलं त्याने वाजवलं असतं. पियानोचं परीक्षण लिहिणारा माणूस पियानो-सोलो शोधत होता, आणि अल्बममधल्या सर्वात महत्त्वाच्या रचनेत तो नव्हताच. मग त्याने काय तोलायचं? डेझमंडचा आवाज आवडला म्हणायचं आणि पुढे जायचं. बहुतेकांनी तेच केलं.

हे काम सोपं वाटत असेल तर एकदा बसून पाच मिनिटं वाजवून पाहा. या वादकांनाही ते पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. २५ जूनला त्यांनी खूप प्रयत्न केले आणि सोडून दिलं. जमलं ते १ जुलैला. ब्रुबेकच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२० मध्ये, ‘टाइम आउटटेक्स’ नावाने या बैठकांतले न वापरलेले तुकडे प्रसिद्ध झाले. त्यातला ‘टेक फाइव्ह’ मुद्दाम ऐका. मोरेलोचा ठेका अजून बसलेला नाही, सगळ्यांची मोजणी ऐकू येते. अल्बमवरच्या ‘टेक फाइव्ह’मध्ये ती मोजणी कुठे नाहीशी झाली, हा खरा ऐकण्याचा विषय आहे.

बाकीच्या रचनांबद्दल सगळं सारख्या विस्ताराने लिहिण्यात अर्थ नाही. ‘एव्हरीबडीज जंपिंग’ मी सहसा गाळतो. ‘कॅथीज वॉल्ट्झ’ मुलीच्या नावावर आहे, छापताना नावाचं पहिलं इंग्रजी अक्षरच चुकलं. त्यात सुरुवात चारात होते, मग तीन येतात, आणि पुढे ब्रुबेक तिनावर चार चढवतो, ते कानाला फार गोड लागतं. ‘स्ट्रेंज मेडो लार्क’ची सुरुवात ज्यांना ब्रुबेकचा हात फक्त जडच वाटतो त्यांनी ऐकावी: एकटा पियानो, लय मोकळी, आणि वाक्यं आठ बारांची असायची तिथे दहा बारांची, पण ओढाताण कुठे जाणवत नाही. ‘पिक अप स्टिक्स’मध्ये सहा मात्रांवर लेहऱ्याचं काम राइट करतो, बासवर एकच आकृती फिरवत, आणि ब्रुबेकला त्यावर मोकळं खेळायला मिळतं. अख्ख्या अल्बममधला त्याचा सर्वात चांगला सोलो माझ्या मते हा. शेवटच्या जागेवर असल्यामुळे अनेकजण तिथवर पोचतच नाहीत.

‘थ्री टु गेट रेडी’वर मात्र थोडं थांबतो, कारण आपल्या कानाला यात वेगळीच गंमत सापडते. सुरुवातीला साधा, जवळजवळ बालगीतासारखा वॉल्ट्झ. मग दोन बार तीनचे, दोन बार चारचे, असं चक्र. तीन-तीन-चार-चार, एकूण चौदा. दीपचंदीच्याही चौदाच मात्रा, पण तीन-चार-तीन-चार. दीपचंदीत अंगभर झुलतं ठेवलेलं असमानपण इथे दोन टोकांना ढकललंय: आधी दोनदा आखूड, मग दोनदा लांब. त्यामुळे चाराचा पहिला बार येतो तेव्हा जमिनीची पायरी अपेक्षेपेक्षा एक बोट खाली लागल्यासारखं होतं, आणि पाठोपाठ दुसरा चार येऊन तोल सावरतो. आणि इथे सोलोही त्याच चक्रात आहेत, पळवाट नाही. गिटलरने ‘देखावा’ म्हणताना ही रचना बाजूला काढून ऐकायला हवी होती.

लोकांनी काय केलं? एकदम काहीच नाही. ‘टेक फाइव्ह’ची छोटी तबकडी १९५९ मध्येच निघाली आणि कोणाच्या लक्षातही आली नाही. १९६१ मध्ये ती पुन्हा काढली, रेडिओवर वाजू लागली आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये सहाव्यापर्यंत. अल्बम बिलबोर्डच्या लोकप्रिय अल्बमांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोचला, आणि दहा लाखांवर खपलेला पहिला जॅझ अल्बम ठरला. विक्री खात्याने ‘नाचता येत नाही’ म्हणून नाकारलेल्या पाच मात्रा लोक रस्त्याने गुणगुणत होते. डेझमंड १९७७ मध्ये वारला. या रचनेचं मानधन त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे करून ठेवलं होतं, ते तिकडे जातं.

खप म्हणजे गुणवत्ता, असा युक्तिवाद मी करणार नाही. तसं असतं तर जॅझचा इतिहास फारच वेगळा दिसला असता. पण समीक्षकांचं मत हळूहळू फिरलं ते खपामुळे नाही. पुढच्या दशकांत पाच, सात, नऊ, अकरा मात्रा जॅझमध्ये नेहमीच्या झाल्या. आज मोठ्या शहरातल्या कुठल्याही जॅझ क्लबात जा, तरुण वादक सात मात्रांत सहज वाजवतो. ‘देखावा’ हा आक्षेप आपोआप गळून पडला. उरला तो अल्बमचा आवाज, त्याची बांधणी आणि ते चौघे. २००५ मध्ये अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला. आता उलट लंबक पार दुसऱ्या टोकाला गेलाय, आणि १९५९ च्या थोर अल्बमांची नावं घेताना ‘काइंड ऑफ ब्लू’च्या शेजारी तो बिनदिक्कत ठेवला जातो. मी तो तिथे ठेवत नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’त एकही रचना गाळावीशी वाटत नाही, इथे मी एक गाळतो आणि एकीवर नाराज असतो. साडेतीन तारे, चार मागितलेत तर घासाघीस करू.

वादकांचं मत मात्र समीक्षकांपेक्षा आधीपासूनच निराळं होतं. माइल्स डेव्हिसने ‘टाइम आउट’च्या बऱ्याच आधी ब्रुबेकच्या ‘इन युअर ओन स्वीट वे’ आणि ‘द ड्यूक’ या दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या होत्या. माइल्स कोणाची भीड ठेवणारा माणूस नव्हता. ब्रुबेकच्या बोटांबद्दल मत काहीही असो, त्याच्या रचना घ्याव्याशा वाटल्या, यात बरंच काही आलं. आणि आपल्या बाजूचं एक: लाहोरच्या सचल स्टुडिओच्या वाद्यवृंदाने सतार-तबल्यासह ‘टेक फाइव्ह’ केलं, ते २०११ मध्ये जगभर पोचलं. ब्रुबेक तेव्हा नव्वदीत होता, त्याला ते मनापासून आवडलं आणि त्याने तसं सांगितलं. तबला त्यात किती अलगद बसतो ते बघा, म्हणजे वर लेहऱ्याबद्दल लिहिलंय ते वेगळं समजवावं लागणार नाही.

राहिला तुमच्या रियाजाचा भाग. ‘टेक फाइव्ह’ शिकताना आपल्याकडच्या मुलांची एक ठरलेली अडचण मी बघतो. पाच म्हटलं की हात झपतालाच्या अंगाने जातो: धी ना, धी धी ना, दोन-तीन. इथे उलटं आहे, तीन-दोन. डोक्याला कळतं, पण डावा हात चौथ्या मात्रेवर जोर द्यायच्या ऐवजी तिसरीवर देऊन मोकळा होतो आणि काळी पाच एक मात्रा आधीच येते. त्यासाठी पियानोला हात न लावता ‘तकिट तक’ म्हणत मांडीवर हात ठेवा, ‘त’ला डावा, बाकी उजवा. ते झोपेत जमेल इतकं झालं की पट्ट्यांवर या. वेग रेकॉर्डपेक्षा निम्मा ठेवा. आणि सूर वाजवायला घेऊ नका. ती धून सगळ्यांना येते. फक्त लेहरा वाजवा, आणि कुणा तबलियाला समोर बसवून त्याला हवं ते वाजवू द्या. तो लांब गेला की तुमचा हात त्याच्यामागे ओढला जातो का, एवढंच पाहायचं.

बोटांच्या दृष्टीने मात्र सुरुवात ‘थ्री टु गेट रेडी’ने करा. ती सी मेजरमध्ये आहे, म्हणजे बहुतेक काम पांढऱ्या पट्ट्यांवर, आणि चौदांचं चक्र टाळीत बसलं की हात फारसे अडत नाहीत. ‘टेक फाइव्ह’ला सहा फ्लॅट आहेत, नवख्याची नजर तिथेच गरगरते. ‘ब्लू राँडो’ सगळ्यात शेवटी, आणि तेही नऊच्या भागापुरतंच. ब्लूज शिकायला त्याहून चांगल्या जागा आहेत.